भ्रमणध्वनीतील नियमांची पडताळणी

अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकरी ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीची नोंद भ्रमणध्वनीवरून करू लागले. पिकाचे छायाचित्र घेण्याची परवानगी ते स्वतः देतात; तथापि या परवानगीखाली आणखी एक पहारा असतो. अँड्रॉइड प्रणालीत 'एसईलिनक्स' नावाचा हा पहारा २०१३ मध्ये आला व २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून सर्वत्र सक्तीचा झाला. नियमात जे नाही, ते वर्ज्य, हे त्याचे सूत्र होय.

असे नियम हजारोंनी असतात. ते डोळ्यांनी वाचून तपासणे अशक्यच. म्हणून अभियंते (हे काम शेतकऱ्याचे नव्हे) 'एसई-सर्च' हे साधन वापरतात. त्यात चित्रे वा बटणे नसतात. अमुक प्रक्रियेस तमुक फाइलीत लिहिता येते काय, असे एका ओळीत टंकलिखित करून विचारावयाचे. तसा नियम असल्यास तो पडद्यावर उमटतो. तोंडी ग्वाहीपेक्षा सातबाऱ्याचा उतारा पाहावा, तसाच हा प्रकार. कधीही देऊ नयेत अशा परवानग्यांची वेगळी कलमे असतात. त्यांचा भंग आढळल्यास धोरणाची बांधणीच थांबते.

मात्र हे साधन लिखित धोरणच तपासते. यंत्र 'परमिसिव्ह' अवस्थेत असल्यास उल्लंघनाची केवळ नोंद होते, अटकाव होत नाही. ती अवस्था 'गेटएन्फोर्स' ही आज्ञा देऊन प्रत्यक्ष यंत्रावरच पाहावी लागते.