उपवास : शरीराचा आणि मनाचा



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या धर्मग्रामात होतो. राखेच्या बुधवारी मी उपवासावर मोठ्या आवेशाने प्रवचन केले. पुढे उत्तम शुक्रवारी क्रुसाची वाट चालू असताना एक मावशी एकदम घामाघूम होऊन खाली बसल्या. वय सत्तरीच्या पुढे, त्यात मधुमेह. सकाळची गोळी घेतली होती, पण पोटात अन्नाचा कण नव्हता. कोणीतरी पटकन साखरपाणी पाजले, डॉक्टरकडे नेले, म्हणून निभावले. संध्याकाळी घरी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, उपवासाला सबबी सांगू नका, असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

मी काय बोलणार? मी लोकांना अर्धेच सांगितले होते. राहिलेले अर्धे आज लिहीत आहे.

शरीरात काय घडते?

जेवणानंतर रक्तातील साखर वाढते. इन्सुलिनच्या मदतीने ती पेशींना मिळते आणि जास्तीची साखर यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. निरोगी माणसाच्या यकृतात असा साधारण 100 ग्रॅम साठा असतो. जेवण टळले की यकृत त्यातून खर्च करू लागते. साधारण दिवसभरात हा साठा सरत येतो आणि शरीर चरबीवर अधिकाधिक भिस्त ठेवते. देवाने शरीराची रचनाच अशी केली आहे की, निरोगी प्रौढ माणसाला एका दिवसाचा उपवास सहज झेपतो. डोके दुखते ते पुष्कळदा पाणी कमी प्यायल्याने किंवा नेहमीचा चहा चुकल्याने.

उपवासाने शरीर 'धुऊन निघते', असे काही जण सांगतात. पेशी आपलेच जीर्ण भाग मोडून पुन्हा वापरतात, या क्रियेवरील संशोधनासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली नोबेल पारितोषिक मिळाले हे खरे. परंतु त्यांचे मूळ काम यीस्टवरचे होते. त्यावरून एक दिवस न जेवल्याने आपले आजार बरे होतात, असे ठरत नाही. एका दिवसात उतरलेले वजनही बहुतांशी पाण्याचे असते, ते लगेच परत येते.

भूक आपोआप पवित्र करीत नाही

1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास विवेकबुद्धीने नकार दिलेले 36 तरुण स्वेच्छेने पुढे आले. सहा महिने त्यांना अपुरे अन्न देण्यात आले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने घटले. ते चिडचिडे आणि उदास झाले, मित्रांत त्यांचे मन रमेना. डोक्यात सतत जेवणाचाच विचार. भुकेने ते अधिक प्रेमळ झाले नाहीत. पण युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा नीट कसे जेवू घालावे, हे कळावे म्हणून त्यांनी ती भूक सोसली. त्यांच्या भुकेचे मोल या हेतूत होते.

संत थॉमस अक्विनास यांनीही शिकविले आहे की, शरीराचे रक्षणच होणार नाही इतके अन्न तोडणे विवेकाला धरून नाही.

ख्रिस्तसभा काय सांगते?

1983 च्या धर्मसंहितेनुसार उपवासाचे बंधन 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून 59 वर्षे पूर्ण होईपर्यंत आहे. दिवस दोनच : राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे खाणे, अशी रीत आहे. मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 वर्षांपासून लागू होतो. (मांस टाळून त्या दिवशी पापलेट आणि कोळंबीची मेजवानी केली, तर नियम पाळला जातो, पण उपवासाचा हेतू हरवतो!)

आजारी माणसे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना उपवासाचे बंधन नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये आणि औषधही आपल्या मनाने बंद करू नये. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसताच साखर किंवा गोड पेय घ्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता त्वरित इस्पितळात न्यावे. ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एक तासाच्या उपवासात पाणी आणि औषध चालते. त्यामुळे मिस्साला येताना गोळी चुकवू नका.

मग आजाऱ्यांनी काय करावे?

टीव्ही आणि मोबाइल थोडा वेळ बंद ठेवता येतो. जिभेवर आलेला कडू शब्द गिळता येतो. अबोला धरलेल्या भावाशी बोलता येते. यशया संदेष्ट्याचा 58 वा अध्याय घरी सर्वांनी मिळून वाचा. भुकेल्याला आपल्या अन्नातील वाटा देणे हाच देवाला आवडणारा उपवास, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. ज्यांना उपवास झेपतो, त्यांनी वाचलेल्या जेवणाचे पैसे बाजूला काढून गरजूच्या घरी पोहोचवावेत.

त्या मावशींना मी म्हटले, "पुढच्या वर्षी वेळेवर पेज घ्या आणि मगच क्रुसाच्या वाटेला या. हा माझा हुकूम समजा." त्या हसल्या. ज्यांच्या मनात शंका असेल, त्यांनी मिस्सानंतर मला जरूर भेटावे. न जेवता येऊ नये!

तुमचे धर्मगुरू