बटाटे पाण्यात टाकू नकोस

चिमे, काल तू फोनवर म्हणालीस, "ताई, शनिवारी लॅबमधल्या मुलींना जेवायला बोलावलंय, रातातुई करू का?" मी "बघू" म्हटलं आणि विषय बदलला. खरं कारण आता सांगते. जानेवारीतली रातातुई मी करून बसलेय, ल्योंमधल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात, आणि त्याची लाज अजून पुरती गेलेली नाही.

सुपरमार्केटात वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची, टोमॅटो सगळं मिळालं. टोमॅटो असे लालभडक की बघत राहावं. चिरला तर आत पांढुरका आणि चवीला नुसतं पाणी. ना आंबट, ना गोड. मग मी घाबरून चिमूटभर गूळ घातला, त्यावर चिंचेचा कोळ, आणि तो झाकायला तिखट. पानात पडली ती वांग्याची रसभाजी, तीही बेताचीच. शेजारच्या आजींनी बिचाऱ्यांनी सगळी संपवली आणि जाताना विचारलं, "छान होतं हं, कुठल्या देशातलं?"

रातातुई नीसकडची, भर उन्हाळ्यातली. जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो उन्हानं पिकून फुटायला आलेला असतो, तेव्हा तिला मसाला लागतच नाही. एकेक भाजी वेगळी ऑलिव्ह तेलात परतायची आणि शेवटी एकत्र मुरवायची, झालं. आपण भोगीची भाजी मे महिन्यात करतो का? मग!

तेव्हा मोबाइलवर रेसिपी उघडून बाजारात जायचं हे आधी सोड. आई पिशवी घेऊन मंडईत निघायची तेव्हा संध्याकाळची भाजी काय हे तिला तरी कुठे ठाऊक असायचं? इथेही तेच कर. भाजीच्या ढिगावर पाटी असते, तिच्यावर देशाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाच. जानेवारीत टोमॅटोवर स्पेन नाहीतर मोरोक्को दिसेल. बटाटा, पोआरो, कोबी, भोपळा यांच्यावर फ्रान्स. आणि माल चिवडू नकोस, इथे चालत नाही. भाजीवाल्यालाच सांग. उन्हाळ्यात खरबूज घेतलंस तर तो उलट तुलाच विचारेल, "आज खायचंय की उद्या?" आणि त्या हिशेबानं हुंगून, दाबून काढून देईल. मला हा प्रश्न फार आवडतो.

आता शनिवारचं. तू ग्रेनोबलला राहतेस, म्हणजे जुन्या दोफिने प्रांताच्या राजधानीत, आणि ग्रातँ दोफिनुआ करत नाहीस? १७८८ साली गाप गावातल्या एका मेजवानीत त्याचा उल्लेख सापडतो, इतका जुना पदार्थ आहे तो. सामान मात्र गरिबाघरचं: बटाटे, दूध, क्रीम, लसूण.

पण इथेच आपल्या हाताची सवय आडवी येते. बटाटे चिरले की पाण्यात टाकायचे, काळे पडू नयेत म्हणून. काचऱ्यांना ते ठीक. ग्रातँला बटाटे आधी धुऊन, सोलून, पुसून घ्यायचे आणि चिरल्यावर पाणी दाखवायचं नाही. चकत्यांवर जो चिकट पांढुरका रस येतो, त्याच्यानंच दूध दाट होतं. तो धुऊन टाकलास की भांड्यात खाली दूध आणि वर बटाटे, दोघं एकमेकांना अनोळखी. माझे पहिले दोन ग्रातँ असेच गेले, आणि मी दोष क्रीमला देत होते.

किलोभर बटाटे घे, दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या. भांड्याला आतून लसणाची पाकळी चांगली घासायची, मग लोणी. अर्धा लिटर दूध आणि पाव लिटर क्रीम गरम करून त्यात मीठ, मिरी, किंचित जायफळ. (हो, श्रीखंडातलं जायफळ. डब्यात असेलच, आईनं दिलेलं.) चकत्या रचून वरून दूध ओत आणि १६० अंशांवर सव्वा ते दीड तास विसरून जा. सुरी लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. वर चीज पसरायचा मोह होईल, पण तिथले जाणते लोक चीज घालत नाहीत, आणि तुझ्या पाहुण्या तिथल्याच आहेत.

चीजवरून आठवलं. तू अंडं खातेस, बाकी नाही. तर कोंते घेताना एवढं लक्षात ठेव की त्याचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजलेलं असतं. मला हे तीन वर्षांनी कळलं. पुढे खायचं की नाही ते तुझं तू ठरव.

सोबत पोआरो कर, म्हणजे ती कांद्याच्या पातीची धिप्पाड थोरली बहीण. पदरापदरात माती असते, म्हणून उभी चीर देऊन, शेंडा खाली धरून पाण्यात खळखळ हलव. पांढरा भाग मिठाच्या पाण्यात मऊ होईपर्यंत उकड, उभा ठेवून नीट निथळू दे आणि कोमट असतानाच मोहरीची पेस्ट, एक चमचा व्हिनेगर, तीन चमचे तेल फेटून वर घाल. उकडलेलं अंडं किसून. फोडणी नको, कितीही हात शिवशिवले तरी. हिरवा भाग टाकू नकोस, रविवारी बटाट्याबरोबर सूप होतं.

गोडाला सफरचंद भाज, पुरे. त्या चेरीच्या क्लाफुतीचं तू विचारत होतीस, ते जूनमध्ये. आणि एप्रिलमध्ये बाजारात पांढरा ॲस्परॅगस दिसला की मला लगेच फोन कर. तो सोलायचा कसा ते तेव्हा सांगेन, आत्ता सांगितलं तर विसरशील.