जाड सोलचा बूट की अनवाणी पाय?



पोलीस भरती निघणार अशी नुसती कुजबुज सुरू झाली, की आपल्या वस्त्यांतली पहाट बदलते. पाच वाजता विहाराच्या मागच्या मैदानावर पोरे-पोरी धावताना दिसू लागतात. जिथे मैदान नाही, तिथे हायवेची कड नाहीतर नाल्याकाठचा सिमेंटचा रस्ता. मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यातले 20 गुण एकट्या लांब धावण्याचे असतात, मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर. त्यामुळे पायात काय घालून धावायचे हा प्रश्न आपल्या घरात हौसेचा नाही, नोकरीचा आहे.

मागच्या भरतीच्या वेळी एकाच आठवड्यात दोन घरांतून आम्हाला बोलावणे आले. पहिल्या घरात आई विचारत होती, "सिस्टर, पोरगा म्हणतो कार्बनवाले बूट घेतले तरच निघंन. बचत गटातून वीस हजार उचलू का?" दुसऱ्या घरात बावीस वर्षांची मुलगी पाय वर करून बसली होती. मोबाईलवर कुणीतरी सांगितले होते, की बुटामुळे पाय कमजोर होतो आणि अनवाणी धावले की पोलादी होतो. तिने त्याच दिवशी बूट काढून ठेवले आणि नेहमीचे चार किलोमीटर सिमेंटवर अनवाणी धावू लागली. चौथ्या आठवड्यात पाऊल वरून सुजले.

ही दोन्ही टोके आज जगभर आहेत. म्हणून दोन्ही बाजू नीट समजून घेऊ.

धावताना पायावर किती भार येतो?

चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावताना आपण प्रत्येक पावलाला हवेत जाऊन एका पायावर उतरतो. त्या क्षणी पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार येतो. म्हणजे पन्नास किलोच्या मुलीच्या एका पायावर शंभर ते दीडशे किलो. असा भार एका किलोमीटरमध्ये शेकडो वेळा येतो.

हा भार नाहीसा करणारा बूट अजून निघालेला नाही. बूट बदलला की भाराची जागा बदलते, इतकेच. टाच आधी टेकली तर नडगी आणि गुडघ्यावर जास्त ताण येतो. चवडा आधी टेकला तर पोटरी, टाचेमागची जाड शीर आणि पावलाची लांब बारीक हाडे यांच्यावर जास्त ताण येतो. एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे सोपे जाईल.

जाड सोलवाल्यांचे म्हणणे

2017 साली नाईकी कंपनीने जाड, हलक्या फोमचा आणि आत कार्बनची ताठ पट्टी असलेला बूट बाजारात आणला. अठरा चांगल्या धावपटूंवर चाचणी झाली. त्याच वेगाने पळायला त्यांना सरासरी 4 टक्के कमी ऊर्जा लागली. ऑक्टोबर 2019 मध्ये केनियाचे एलियुड किपचोगे व्हिएन्नात अशाच प्रकारच्या बुटात मॅरेथॉनचे अंतर 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांत धावले. ती अधिकृत शर्यत नव्हती, पण साऱ्या जगाने पाहिली. पुढे सोल इतके जाड होऊ लागले, की 2020 मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला नियम करावा लागला. रस्त्यावरच्या शर्यतीत सोल 40 मिलीमीटरपेक्षा जाड नको आणि पट्टी एकच असावी.

म्हणजे बूट खोटा नाही. पण आपल्या घरचा हिशेब करून पाहू. त्या आईचा मुलगा 1600 मीटरला साडेसहा मिनिटे घेत होता. पूर्ण गुणांना 5 मिनिटे 10 सेकंद लागतात. त्याला 80 सेकंद कमी करायचे होते, म्हणजे वेळ वीस टक्क्यांनी खाली आणायची होती. बूट वाचवतो ती ऊर्जा, तीही चार टक्के, तीही मुरलेल्या धावपटूची. वेळेतला फरक त्याहूनही कमी. उरलेले सगळे सरावातून, खाण्यातून आणि झोपेतूनच यायचे होते. शिवाय हे बूट शर्यतीसाठी बनवलेले असतात, रोज सिमेंटवर घासले तर लवकर बसतात. आम्ही त्या आईला म्हणालो, "वहिनी, कर्ज काढू नका. दीड-दोन हजारांचा साधा, मापाचा बूट घ्या आणि उरलेल्या पैशांतून रोज अंडी, डाळ, शेंगदाणे, केळी द्या."

पातळ सोल आणि अनवाणी

आता दुसरी बाजू. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचे अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन धावले आणि 2 तास 15 मिनिटे 16 सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. 2010 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लिबरमन यांनी केनियातल्या अनवाणी धावपटूंचा अभ्यास मांडला. लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुतेकदा चवड्यावर किंवा पावलाच्या मधल्या भागावर उतरतात, त्यामुळे टाच आपटल्याचा तो झटका त्यांना बसत नाही, असे त्यात दिसले. त्याच सुमारास पाच बोटांचे, हातमोज्यासारखे पातळ बूट अमेरिकेत खूप खपले.

पण "लहानपणापासून" हे शब्द लोक विसरले. अमेरिकेत सरावलेल्या 36 धावपटूंवर दहा आठवड्यांचा अभ्यास झाला. त्यातल्या 19 जणांना हळूहळू पातळ बुटांवर आणले, बाकीचे 17 नेहमीच्या बुटांत राहिले. दहा आठवड्यांनी पावलांचे एमआरआय काढले. पातळ बूटवाल्या 19 पैकी 10 जणांच्या हाडांत ताणामुळे येणारी आतली सूज वाढली होती. नेहमीच्या बूटवाल्यांत ती एकाचीच वाढली होती. हळूहळू बदल करूनही हे झाले. आपली मुलगी तर एका रात्रीत बदलली होती. तो पाच बोटांचा बूट विकणाऱ्या कंपनीवर पुढे खटला झाला. चूक मान्य न करता कंपनीने 2014 मध्ये तो 37 लाख 50 हजार डॉलर देऊन मिटवला.

बिकिलांची गोष्ट सांगणारे तिचा दुसरा भाग सांगत नाहीत. 1964 साली टोकियोत तेच बिकिला बूट-मोजे घालून धावले आणि पुन्हा सुवर्णपदक जिंकले. वेळ 2 तास 12 मिनिटे 11 सेकंद, आधीपेक्षा तीन मिनिटे कमी. माणूस तोच होता आणि दोन्ही वेळा मागे वर्षांचा सराव होता.

आणखी एक बोलले पाहिजे. बारामतीच्या लता करे नवऱ्याच्या उपचाराच्या पैशासाठी, साठी ओलांडल्यावर, नऊवारीत अनवाणी धावून शर्यत जिंकल्या. त्यांच्यावर चित्रपटही निघाला. त्या जिद्दीला आमचा सलाम. पण ते अनवाणीपण त्यांनी निवडलेले नव्हते, परिस्थितीने दिलेले होते. कित्येक गावांत आपल्या आजा-पणजांना वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. आपल्या पायात वहाण आली ती सहज आलेली नाही. श्रीमंतांच्या देशातली फॅशन पाहून ती उतरवण्याआधी दोनदा विचार करू या.

मग इजा होते कशाने?

लक्झेंबर्गमध्ये 848 धावपटूंना दिसायला सारखेच बूट दिले. काहींचे सोल कडक होते, काहींचे मऊ, आणि कुणाला कोणते हे त्यांना माहीत नव्हते. सहा महिन्यांत कडक सोलवाल्यांना इजेचा धोका सुमारे दीडपट दिसला. मऊ सोलचा फायदा मुख्यतः हलक्या वजनाच्या लोकांना झाला. दुसरीकडे, अमेरिकी सैन्यात जवानांच्या पायाची कमान पाहून, सपाट पायाला वेगळा बूट आणि उंच कमानीला वेगळा, असे वाटप करून पाहिले. त्याने इजा कमी झाल्या नाहीत. म्हणजे थोडी गादी उपयोगी आहे, पण "तुमच्या पायासाठी खास" म्हणून दुप्पट किंमत सांगणाऱ्याच्या नादी लागू नये.

इतक्या वर्षांत आमच्यासमोर जे दुखणारे पाय आले, त्यांत बहुतेकांचे कारण एकच निघाले, अचानक बदल. महिनाभर बसून राहायचे आणि जाहिरात येताच रोज पाच किलोमीटर धावायचे. मातीवरून एकदम सिमेंटवर जायचे. बूट एका दिवसात बदलायचे. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, हाड आणि शीर यांना महिने लागतात. दम वाढलेला असतो म्हणून पोरे धावतात, आणि आत हाड मागे राहिलेले असते.

मुलींच्या आयांसाठी खास. मुलगी खूप धावते, वजन वाढेल म्हणून कमी खाते आणि पाळी दोन-तीन महिने आली नाही, तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणू नका. अशा वेळी हाडे ठिसूळ होतात आणि कोणताही बूट ती वाचवत नाही. लगेच डॉक्टरांना दाखवा.

बूट घेताना

1. संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे फुगतात. दोन्ही पायांत, मोजे घालून, दुकानात चालून पाहा.
2. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच मागून निसटता कामा नये. "घालून घालून सैल होईल" या बोलण्यावर घेऊ नका.
3. बूट हातात वाकवा. तो बोटांच्या सांध्याशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडता कामा नये.
4. मोठ्या कंपनीच्या नावाची नक्कल घेऊ नका. वरून झगमगीत आणि आत कडक रबर असते. त्याच पैशांत साधा पण खरा बूट येतो.
5. जुन्या बाजारातून घेत असाल तर बूट उलटा करून पाहा. सोल एका बाजूने झिजलेला असेल किंवा अंगठ्याने दाबल्यावर फोम दगडासारखा लागत असेल, तर ठेवून द्या.
6. बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर चालतो. आठवड्याला 25 किलोमीटर धावणाऱ्याचा पाच ते सात महिने. चाचणीच्या दिवशी नवा कोरा बूट घालू नका.
7. स्पाइक वगैरे चालतात का, हे भरतीच्या जाहिरातीतल्या सूचना वाचूनच ठरवा.

अनवाणी सराव करायचाच असेल तर

पावलांचे स्नायू मजबूत करणे चांगलेच आहे, पण त्याची रीत आहे. पहिला महिना घरात अनवाणी चाला आणि रोज पायरीच्या कडेला उभे राहून टाचा वर-खाली करा. मग आठवड्यातून दोनदा, सरावाच्या शेवटी, गवतावर किंवा स्वच्छ मातीवर दोनशे-तीनशे मीटर धावा. पोटरी दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर अंतर वाढवू नका. चाचणी दोन-तीन महिन्यांवर आली असेल तर हा प्रयोग सुरूच करू नका.

मधुमेह असलेल्यांनी किंवा पायाला बधिरपणा असलेल्यांनी अनवाणी धावू नये. त्यांनी घरातही चप्पल घालावी. आपल्या मैदानांवर काच, खिळे, ब्लेड असतात. जखम झाली तर साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी सरकारी दवाखाना गाठा. मुलांना 10 व्या आणि 16 व्या वर्षी मिळणारा डोस चुकवू नका.

हे दुखणे अंगावर काढू नका

सगळी पोटरी भरून येणे हे सरावाचे दुखणे असते, दोन दिवसांत जाते. पण नडगीवर किंवा पावलावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, धावता धावता दुखणे वाढत असेल, रात्री ठणकत असेल, वरून सूज असेल, तर हाडाला केसाएवढी चीर गेलेली असू शकते. अशा वेळी धावणे त्याच दिवशी बंद करा. तेल लावून चोळू नका. दुखण्याची गोळी खाऊन मैदानावर जाऊ नका.

इथे आम्हाला आमची चूक सांगायची आहे. त्या मुलीचा पहिला एक्स-रे स्वच्छ होता. तो पाहून आम्हीही म्हणालो, "काही नाही गं, मुरगळलं असेल." अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बहुतेकदा दिसत नाही, हे नर्सिंग करूनही त्या क्षणी आमच्या ध्यानात आले नाही. ती गोळी खाऊन आणखी दहा दिवस धावली. दुसऱ्या एक्स-रेत रेघ स्पष्ट दिसली. मैदानी चाचणीच्या दिवशी तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. लेखीची तिची तयारी पक्की होती, पण लेखीपर्यंत ती पोचलीच नाही.

आता ती बरी आहे. साध्या बुटात, मातीवर, दिवसाआड धावते आणि पुढच्या भरतीची वाट पाहते. एक्स-रे स्वच्छ असला तरी दुखणे थांबले नाही, तर दोन आठवड्यांनी पुन्हा काढून घ्या, ही गोष्ट आता आम्ही प्रत्येकाला सांगतो.

आपल्या घरात कुणी धावत असेल, तर आज रात्री त्याचे बूट उलटे करून पाहा आणि नडगीवर, पावलावर बोटाने दाबून कुठे दुखते का ते विचारा. रविवारी विहारात मुले जमतील तेव्हा हे पान मोठ्याने वाचून दाखवा.