पाहणारा आणि वाटणारा

जालना

चि. बाळास,


परवा दादांचा फोन आला होता. पावसापाण्याचं, दुकानाचं बोलून झालं आणि मग ते मोठ्या कौतुकाने तुझ्या टेलिग्राम चॅनेलबद्दल सांगू लागले. परतूरच्या आपल्या पोराला हजारो माणसं ओळखतात, नवीन सिनेमा आला की सगळे त्याच्याकडेच मागतात, असं. मी लिंक मागवून घेतली आणि रात्री बसून चॅनेल पाहिलं. तेव्हापासून मनाला घोर लागला आहे. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणशील आणि विषय तिथेच संपेल, म्हणून पत्र लिहिते आहे. सावकाश वाच.

मी काय पाहिलं ते आधी सांगते. शुक्रवारी लागलेल्या मराठी सिनेमाची प्रत शनिवारी सकाळी तुझ्या चॅनेलवर. चित्र एका बाजूला कललेलं, मध्येच पुढच्या रांगेतल्या कुणाचं तरी डोकं पडद्यावरून सरकतं, ऐन भावनेच्या प्रसंगात कोणीतरी खोकतं. खाली तुझी ओळ: "एचडी प्रिंट लवकरच, शेअर करा". आणि तिच्याखाली एका बेटिंग अ‍ॅपची जाहिरात. त्या जाहिरातीचे पैसे वहिनींच्या खात्यावर येतात, असं दादा सहज बोलून गेले. माझ्या पोटात गोळा आला तो तिथे.

तू म्हणशील, सगळेच बघतात. खरं आहे. म्हणूनच कायदा रेघ कुठे ओढतो ते नीट समजून घे. २०१६ साली 'ढिशूम' सिनेमाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयासमोर हा प्रश्न आला होता. बंद केलेल्या वेबसाइटवर जी सूचना दिसायची तिच्यात नुसतं पाहणंही गुन्हा असल्यासारखी भाषा होती. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीवाचून वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे. म्हणजे तुझ्या चॅनेलवरची ती हजारो माणसं रेघेच्या अलीकडे आहेत आणि पलीकडे एकटा तू उभा आहेस. पाहणारा होतास तोवर गोष्ट वेगळी होती. आता तू वाटणारा झालास, आणि जाहिरात घेतलीस तेव्हा त्याचा धंदा केलास.

शिक्षा किती, तेही सांगते. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायाधीश कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतात. तुझ्याबाबतीत ती वाट त्या जाहिरातीने बंद केली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. थिएटरात मोबाइल धरून सिनेमा टिपणाऱ्यासाठी २०२३ च्या दुरुस्तीने निराळी तरतूद आली आहे: तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि दंड तीन लाखांपासून सिनेमाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. तू स्वतः टिपत नाहीस हे मला ठाऊक आहे, पण टिपणारा सापडला की त्याच्या फोनमध्ये पुढचं नाव कोणाचं निघेल?

गोदाकाठच्या वाळूतस्करांना ज्या कायद्याखाली स्थानबद्ध करतात तो एमपीडीए तुला पेपरात वाचून माहीत असेल. २००९ च्या दुरुस्तीने त्याच कायद्यात 'व्हिडिओ पायरेट'ही आले आहेत. तुझ्यावर उद्या एमपीडीए लागेल असं मी म्हणत नाही, तो सराईतांसाठी आहे. पण राज्याने हा प्रकार कोणत्या रांगेत बसवला आहे ते लक्षात घे. आणि बेटिंग अ‍ॅपची जाहिरात हे आणखी वेगळं प्रकरण. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. ज्या माउलीला टेलिग्राम म्हणजे काय हेही ठाऊक नाही, तिचं खातं तू यात गुंतवलंस.

"टेलिग्रामवर नंबर दिसत नाही, कोण शोधणार?" हे तुझं म्हणणं दादांनी मला सांगितलं. त्यावर एक खटला सांगते, तोही तुझ्या अभ्यासाच्या क्षेत्रातला. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या दिल्लीच्या नीतू सिंग यांची पुस्तकं आणि व्हिडिओ टेलिग्रामच्या चॅनेलांवर फुकट फिरत होते. एक चॅनेल बंद केलं की दुसरं उघडे. त्या न्यायालयात गेल्या. आमचे सर्व्हर सिंगापुरात आहेत, तिथला कायदा माहिती देऊ देत नाही, असा बचाव टेलिग्रामने केला. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि पुढे टेलिग्रामने चॅनेल चालवणाऱ्यांची नावं, फोन नंबर आणि आयपी पत्ते न्यायालयाला दिले. दाव्यात नाव माहीत नसलेल्या प्रतिवादीला आपल्याकडे 'अशोक कुमार' म्हणून दाखवतात. आज अशोक कुमार असलेला माणूस उद्या स्वतःच्या नावाने प्रतिवादी होतो, त्याला एक आदेश पुरतो.

प्रतही बोलते. 'उडता पंजाब' २०१६ मध्ये प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी फुटला तेव्हा चित्राच्या कोपऱ्यात 'फॉर सेन्सॉर' ही अक्षरं होती. ऑगस्ट २०१७ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा एक भाग प्रसारणाआधीच बाहेर आला. त्यावर स्टार इंडियाची खूण होती आणि मुंबई पोलिसांनी चौघांना अटक केली. थिएटरात जाणाऱ्या डिजिटल प्रतीत तर डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा असतात. मोबाइलने टिपलेल्या चित्रातूनही त्या वाचता येतात आणि कोणत्या पडद्यावर, कोणत्या वेळी ते टिपलं गेलं हे कळतं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर आत्या कंपन्यांचीच वकिली करते असं तुला वाटेल. अमेरिकेत सप्टेंबर २००३ मध्ये संगीत कंपन्यांच्या संघटनेने एकाच वेळी २६१ सामान्य माणसांवर दावे लावले. न्यूयॉर्कमधली बारा वर्षांची एक मुलगीही त्यात सापडली. तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून तडजोड केली. मिनेसोटा राज्यातल्या एका आईवर चोवीस गाण्यांसाठी खटला चालला. २००७ मध्ये ज्यूरीने दोन लाख बावीस हजार डॉलर ठरवले, २००९ च्या फेरखटल्यात एकोणीस लाख वीस हजार, आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा दोन लाख बावीस हजारांवर आणलं. पाच वर्षांत सुमारे पस्तीस हजार लोकांना असं कोर्टात ओढलं गेलं. बहुतेकांनी वकील परवडत नाही म्हणून निमूट पैसे भरले. चोवीस गाण्यांसाठी एका घराला आयुष्यभराचं कर्ज, याला मी न्याय म्हणणार नाही. फुकटच्या प्रती काही त्याने थांबल्या नाहीत, आणि २००८ च्या डिसेंबरात कंपन्यांनीच असे नवे दावे लावणं सोडून दिलं. लोक वळले ते पुढे, परवडेल अशा दरात सरळ मार्गाने गाणी मिळू लागली तेव्हा.

आपल्याकडे पाहणाऱ्यांवर असे घाऊक दावे झाले नाहीत, होऊही नयेत. आपल्याकडे कंपन्या वेबसाइट बंद करण्याचे आदेश घेतात आणि पोलिसांत तक्रार गेली की हात पडतो तो वाटणाऱ्यावर. आणि वाटणाऱ्यांतही सापडतो कोण? परदेशात बसून सर्व्हर चालवणारा क्वचितच. सापडतो तो तुझ्यासारखा, ज्याचं सिमकार्ड स्वतःच्या नावावर आहे आणि खातं आईच्या. कंपन्यांचा अतिरेक खरा आहे, पण न्यायाधीशांसमोर तो तुझा बचाव होत नाही.

कायद्याचं भय बाजूला ठेवू. हे बरोबर आहे का, हा प्रश्न उरतोच. तू बी-बियाणांच्या दुकानात वाढलास, म्हणून तुझ्याच घरातला दाखला देते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको काढली तेव्हापासून जालन्याचं नाव देशभर बियाण्यांनी झालं. एक वाण उभं करायला कित्येक हंगाम जातात. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा, विकायचासुद्धा हक्क दिला. मनाई एवढीच की ते नाव लावलेल्या पिशवीत भरून विकायचं नाही. बोगस पिशव्या विकणाऱ्याचं नाव निघालं की दादा किती संतापतात ते तू पाहिलं आहेस. मित्राला पेन ड्राइव्हवर एक सिनेमा देणारा मुलगा आणि हजारोंच्या चॅनेलवर त्याच सिनेमाखाली जाहिरात लावणारा मुलगा, यांत शेजाऱ्याला पायलीभर बी देणारा आणि बोगस पिशव्या भरणारा यांच्याइतकं अंतर आहे. सिनेमाच्या कायद्यात पहिल्यालाही शेतकऱ्यासारखी उघड सूट नाही, हे खरं. पण तू पहिला नाहीस, दुसरा आहेस.

'सैराट'ही फुटला होता, तरी त्याने कोटींनी कमावले, हे तू दादांना ऐकवलंस म्हणे. 'सैराट'सारखा सिनेमा कधीतरी एखादा होतो. बाकीच्या मराठी सिनेमांना मोजके खेळ मिळतात, तेही अडनिड्या वेळी, आणि पहिल्या तीन दिवसांत गर्दी दिसली नाही तर थिएटरवाला दुसऱ्या आठवड्याला खेळ देत नाही. ते तीन दिवस म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार. तू नेमका त्यातच हात घालतोस. हिंदीतल्या मोठ्या कंपनीला ते पचेल. आपल्याच भागातला कुणी पोरगा घरची जमीन गहाण टाकून पहिला सिनेमा काढेल, त्याला नाही पचणार. उद्या तोच तुझा वर्गमित्र असू शकतो.

गावात थिएटर नाही, तिकीट आणि एसटीचं भाडं धरून चौघांचं घर सिनेमाला जाऊ शकत नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. ती तक्रार खरी आहे आणि निर्मात्यांनी, सरकारने ऐकावी अशीच आहे. पण बेटिंग अ‍ॅपची जाहिरात लावून ती तक्रार मांडता येत नाही. तुझ्या चॅनेलवर आलेल्या कुणाच्या पोराने त्या अ‍ॅपात बापाच्या मोसंबीचे पैसे घालवले, तर त्या पापात तुझा वाटा किती, याचा विचार कर.

आता काय करायचं ते सांगते. कुठूनही तक्रार किंवा नोटीस आलेली नसेल, तर आजच्या आज सगळे सिनेमे आणि मालिका काढून टाक, जाहिराती बंद कर आणि वहिनींच्या खात्यावर पुढे एक रुपयाही घेऊ नकोस. नोटीस आली असेल, तर मात्र काहीही पुसू नकोस, कारण पुरावा नष्ट केल्याचा वेगळा ठपका येतो. आधी मला फोन कर. कोणी "सायबर पोलीस" म्हणून व्हिडिओ कॉल करून तडजोडीचे पैसे मागितले तर एक पैसाही देऊ नकोस, १९३० वर कळव. पोलीस पैसे मागून प्रकरण मिटवत नसतात, आणि हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. खरी नोटीस हातात आली तर घाबरायचं नाही, टाळायचंही नाही. तारखेला हजर व्हायचं, मी सोबत येईन.

तू पोलीस भरतीची तयारी करतोस. मैदानी चाचणीत आणि लेखीत वर आलेल्या पोरांचं काम चारित्र्य पडताळणीत अडलेलं मी कोर्टात पाहते. गुन्हा नोंद झाला की माणूस पुढे सुटो वा न सुटो, तो गुन्हा साक्षांकन नमुन्यात लिहावा लागतो, लपवला तर नोकरी लागलेलीही जाते. पहाटे उठून धावतोस, त्या मेहनतीवर स्वतःच्या हाताने पाणी ओतू नकोस.

चॅनेल बंदच कर असं मी म्हणत नाही. एवढी माणसं जोडणं, रोज त्यांना काहीतरी देणं हे सोपं नाही, तो गुण तुझ्यात आहे. अनेक निर्मात्यांनी आपले जुने मराठी सिनेमे स्वतःच यूट्यूबवर ठेवले आहेत, त्यांच्या लिंका दे. आपल्याकडे सिनेमाचा हक्क साठ वर्षं चालतो, म्हणजे फाळक्यांचे मूकपट केव्हाच सगळ्यांचे झाले. ते दाखव, त्यांच्याबद्दल दोन ओळी लिही. राजूरच्या गणपतीची चतुर्थी, अंबडच्या मत्स्योदरीची जत्रा, समर्थांच्या जांब गावातला उत्सव हे स्वतः टिप. तिथल्या गोंधळी, भारुडकरी मंडळींना विचारून, त्यांचं नाव देऊन त्यांची कला लोकांपर्यंत ने. ते तुझं स्वतःचं काम असेल, आणि ते कोणी न विचारता उचललं तर त्याच्याविरुद्ध तुझ्या बाजूने मी उभी राहीन.

दादांना मी अजून यातलं काही बोलले नाही. तू स्वतः त्यांना सांग. वहिनींच्या खात्याचं तर आधी सांग. रविवारपर्यंत वाट पाहते. चॅनेल साफ झालं की एक फोन कर, आणि मनात काही शंका असली तर जालन्याला ये, बसून बोलू.

वहिनींना आणि दादांना नमस्कार.

तुझी,
आत्या