पेपर छापायचाय, पण पैसे नेमके कुठे लागतात?

पाचोडमध्ये झालेलं संशोधन जगाने वाचलं, याचं उदाहरण गावातच आहे. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले आणि त्यांचा परिणाम मोजला. १९९७ ते २००१ या काळात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ वर गेलं. ही नोंद बालविवाहावरच्या आंतरराष्ट्रीय लेखनात आजही दाखल्यादाखल येते. तेव्हा लेखकाचा पत्ता आडवा येत नाही. आडवा येतो तो चुकीच्या क्रमाने केलेला खर्च. आधी सेटिंगचे पैसे, मग प्लेजरिझम रिपोर्टचे, मग ‘दोन दिवसांत छापून देतो’ म्हणणाऱ्याचे. आणि शेवटी हातात असं जर्नल, जे मुलाखतीच्या समितीपुढे टिकत नाही. हा क्रम उलटा केला, तर बहुतेक खर्च वाचतो.

आधी जर्नल, मग सेटिंग

जर्नल ठरल्याशिवाय डीटीपीवाल्याकडे जाऊ नका. प्रत्येक जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना वेगळ्या असतात: शब्दमर्यादा, सारांशाची लांबी, संदर्भांची पद्धत, तक्ते मजकुरात घ्यायचे की शेवटी. पाचोडच्या मोसंबी बाजारावरचा पेपर वाणिज्याच्या जर्नलला पाठवायचा की कृषी अर्थशास्त्राच्या, यावर प्रस्तावनेपासून तक्त्यांपर्यंत सगळं बदलतं. मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त विशेष लेखाची मर्यादा ८,००० शब्दांची आहे, कितीतरी जर्नल्स याच्या निम्म्यावर थांबतात.

पहिल्यांदा पाठवतानाच हुबेहूब मांडणी हवी, असंही नाही. एल्सेव्हियरच्या बऱ्याच जर्नल्समध्ये पहिल्या फेरीला कोणत्याही नीटनेटक्या मांडणीतला पेपर चालतो. ठरावीक साचा नंतर मागतात. ‘प्लॉस वन’मध्ये २०१९ साली ४१ देशांतल्या ३७२ संशोधकांची पाहणी छापून आली. एका पेपरच्या निव्वळ मांडणीवर मध्यक १४ तास आणि ४७७ डॉलरएवढं श्रममूल्य खर्ची पडतं, असं तिच्यात दिसलं. नकार येऊन पेपर दुसरीकडे पाठवायची वेळ आली की हा खर्च पुन्हा होतो. म्हणून सेटिंगवाल्याला पैसे द्यायचेच असतील, तर पेपर स्वीकारल्याचं कळल्यावर द्या.

टायपिंग

हाताने लिहिलेला मजकूर टाइप करून घेणार असाल, तर पानाचा दर विचारण्याआधी ‘पान’ म्हणजे काय ते ठरवा. मोठा फॉन्ट आणि दोन ओळींत दुप्पट अंतर ठेवलं की त्याच मजकुराची पानं जवळपास दुप्पट भरतात आणि बिलही. दर शब्दांवर ठरवा, किंवा एकेरी अंतरात टाइप करून घ्या; जर्नलला दुप्पट अंतर हवं असेल तर ते शेवटी दोन क्लिकमध्ये होतं.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा, हे आधी सांगा. कृतिदेव किंवा श्रीलिपीतली फाइल संपादकाच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चुथडा होतो आणि रूपांतरात जोडाक्षरं तुटतात. दुरुस्तीचे पैसे पुन्हा तुमच्याच खिशातून जातात. घेताना नुसती पीडीएफ घेऊ नका, वर्डची फाइलही घ्या. गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप करता येतं, तेही फुकट. विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ हाताने तपासावे लागतात, पण टायपिंगचा मोठा खर्च वाचतो.

संदर्भ, तक्ते, नाव

संदर्भसूची हाताने लावणं हे सर्वांत वेळखाऊ काम, आणि ते स्वस्तात होतं. झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे. पुस्तकं-लेखांची नोंद एकदा केली की एपीए, एमएलए, व्हँकुव्हर यांपैकी हवी ती पद्धत लावून मिळते. शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्रात बहुधा एपीए चालते (सध्याची सातवी आवृत्ती २०१९ ची), साहित्यात एमएलए, वैद्यकात व्हँकुव्हर. मराठी पुस्तकांचे संदर्भ इंग्रजी जर्नलला देताना ते रोमन लिपीत मागतात का, हे सूचनांत पाहा.

तक्ते वर्डमध्येच काढा. तक्त्याचा फोटो चिकटवला की पेपर परत येतो. छायाचित्रं साधारण ३०० डीपीआयची लागतात. लेखकाचं नाव लपवून परीक्षण होत असेल, तर पहिल्या पानावरून नाव काढून भागत नाही; फाइलच्या प्रॉपर्टीजमधूनही काढावं लागतं. ही तिन्ही कामं घरी होतात.

पैसे खर्चावेत अशा दोन जागा

पहिली जागा आकडेवारीची. सांख्यिकी जाणणाऱ्याचा सल्ला प्रश्नावली वाटण्याआधी घ्या. नमुना किती घ्यायचा, कोणती चाचणी लावायची, हे तेव्हाच ठरतं. माहिती गोळा झाल्यावर तोच माणूस फार काही वाचवू शकत नाही. सॉफ्टवेअरसाठी मात्र पैसे लागत नाहीत. आर आणि जामोवी मोफत आहेत, एसपीएसएसची पायरेटेड प्रत घेण्याची गरज नाही.

दुसरी जागा इंग्रजीच्या संपादनाची. विषय जाणणाऱ्या सहकाऱ्याने वाचलं तर उत्तमच. पैसे देऊन करून घ्यायचं असेल, तर दर शब्दामागे ठरवा आणि आधी एका पानाचा नमुना मागा. व्याकरण सुधारणं वेगळं आणि ‘लिहून देतो’ वेगळं. दुसऱ्याकडून पेपर लिहून घेणं किंवा लेखक म्हणून नाव विकत घेणं ही फसवणूक आहे, तिचा दर विचारूच नका.

आरोग्यविषयक प्रयोग असेल तर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी लागते. १ एप्रिल २०१८ पासून ती पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते, आणि ती मोफत आहे.

प्लेजरिझम रिपोर्ट

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. प्रबंधात १० ते ४० टक्के आढळलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष बंदी, त्यापुढे नोंदणी रद्द. संदर्भसूची, श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं साम्य यांत मोजत नाहीत.

हा रिपोर्ट झेरॉक्सच्या दुकानातून काढू नका. शोधशुद्धी योजनेतून विद्यापीठांना सॉफ्टवेअर मिळालेलं आहे. गाईडमार्फत किंवा ग्रंथालयातून तपासून घ्या. अनोळखी वेबसाइटने तुमचा पेपर तिच्या साठ्यात ठेवला, तर पुढच्या तपासणीत तुमचंच लेखन तुमच्यावर साम्य म्हणून उलटतं.

पाचोडहून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ पन्नासेक किलोमीटर, जाऊन-येऊन दिवस जातो. गाईडची भेट, रिपोर्ट आणि संदर्भ शोधणं एकाच फेरीत बसवा. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून जानेवारी २०२५ पासून सरकारी शिक्षणसंस्थांत तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स वाचता येतात. सुटे लेख डॉलर मोजून विकत घेण्याआधी तिथे बघा.

छापण्याची फी

ज्यांची वर्गणी वाचक किंवा ग्रंथालय भरतं, ती जर्नल्स लेखकाकडून बहुधा काही घेत नाहीत. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ फी घेत नाही. ज्या जर्नल्समध्ये दोन्ही वाटा आहेत, तिथे वर्गणीची वाट निवडली की खर्च शून्य. लेख सगळ्यांना मोफत वाचता यावा म्हणून लेखकाकडून जी रक्कम घेतात तिला एपीसी म्हणतात. ‘नेचर’ने ही वाट सुरू केली तेव्हा ती ९,५०० युरो होती. डीओएजे या सूचीत फी न घेणारी जर्नल्स वेगळी काढून बघता येतात.

गरीब देशांच्या लेखकांना मिळणारी आपोआप माफी भारताला बहुतेक ठिकाणी लागू होत नाही. विनंती करता येते, पण ती पेपर पाठवतानाच. स्वीकारल्यावर केलेली विनंती सहसा ऐकली जात नाही.

दोन हिशेब

दर समजण्यापुरते धरलेले आहेत; तुमचे आकडे घालून पुन्हा मांडा.

मराठी पेपर, वर्गणीवर चालणारं नियतकालिक: टायपिंग १५ पानं, पानाला ३० रुपये, म्हणजे ४५०. संदर्भ आणि मांडणी घरी. फी शून्य. विद्यापीठाच्या एका फेरीचं भाडं धरूनही हजाराच्या आत.

इंग्रजी पेपर, २,००० डॉलर एपीसी: डॉलर ९० रुपये धरला तर १,८०,०००. बिलावर १८ टक्के जीएसटी लागला तर आणखी ३२,४००. एकूण २,१२,४००, बँक कार्डावर जे परकीय चलनाचं शुल्क लावेल ते वेगळं. संस्था किंवा प्रकल्प देणार असेल तरच या वाटेला जा, आणि ते लेखी घेऊन.

फसवणूक कशी ओळखाल

‘सायन्स’ने २०१३ मध्ये एक मुद्दाम चुका घातलेला बनावट पेपर ३०४ जर्नल्सना पाठवला होता, १५७ जणांनी तो स्वीकारला. तेव्हा ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दावर जाऊ नका. आयएसएसएन असणं ही गुणवत्तेची खूण नाही; तो क्रमांक भारतात मोफत मिळतो. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेटच्या यादीत नसेल तर तो छापलेला आकडा निव्वळ शोभेचा. यूजीसी-केअर ही मान्य जर्नल्सची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘केअर लिस्टेड’ म्हणून पैसे मागणाऱ्याला तेवढ्यावरून देऊ नका. पीएच.डी.साठी पेपर छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती २०२२ च्या नियमांत निघाली. आपल्या विद्यापीठाची अट काय, ते लेखी विचारा.

पैसे पाठवण्याआधी चार गोष्टी पाहा. संपादक मंडळातल्या एकाला त्याच्या संस्थेच्या पत्त्यावर मेल करून तो खरंच मंडळात आहे का ते विचारा. मागच्या अंकातले तुमच्या विषयाचे दोन लेख वाचा. फीचा आकडा वेबसाइटवर उघड आहे का ते बघा. आणि रक्कम कोणाच्या खाजगी यूपीआयवर मागितली असेल, तर तिथेच थांबा. परीक्षकांचे शेरे न येता स्वीकृती आणि बिल एकाच मेलमध्ये आलं, तर पेपर मागे घेत असल्याचं त्याच मेलला लेखी कळवा, कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका. ‘मागे घेण्याची फी’ मागतील, ती भरू नका. त्यांचं लेखी उत्तर जपून ठेवा; दुसऱ्या जर्नलला तोच पेपर पाठवताना तेच कामाला येईल.