आधी लस कोणाला?



कोपरीतल्या एखाद्या चाळीतले घर डोळ्यांसमोर आणा. सत्तरीची आजी घरातच असते. तिशीचा नातू रोज लोकलने कामावर जातो व त्याच्या पगारावर सारे घर चालते. साथ आली आहे आणि लशीचा एकच डोस मिळणार आहे. तो कोणाला द्याल? पुष्कळजण चटकन नातवाचे नाव घेतील. आजीही त्याचेच घेईल!

कोरोनाच्या वेळी आपल्या देशाने काय केले ते पाहा. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. दिल्लीच्या एम्समध्ये पहिली लस घेतली ती मनीष कुमार या सफाई कर्मचाऱ्याने. डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि दवाखाना झाडणारा एकाच गटात होते. फेब्रुवारीत पोलिसांची व नगरपालिकांच्या कामगारांची पाळी आली. हातात झाडू आहे की दंडुका, हे तेथे पाहिले नाही. रोगाशी रोज गाठ कोणाची पडते, हे पाहिले. पिढ्यान् पिढ्या रांगेच्या शेवटी उभे केलेल्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावे.

१ मार्चपासून साठीच्या पुढचे व ४५ ते ५९ वयाचे गंभीर व्याधी असलेले लोक घेतले. १ एप्रिलपासून ४५ वरील सर्व. म्हणजे आजी आधी आणि नातू मागाहून. का? लस घेतलेला सहसा अत्यवस्थ होत नाही, एवढे तेव्हा दिसून आले होते. पण त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होणारच नाही, अशी खात्री नव्हती. नातवाला टोचून आजी वाचेल असे कोण म्हणणार? आणि मृत्यूचा धोका तिलाच अधिक.

इंडोनेशियाने मात्र आरोग्य कर्मचाऱ्यांनंतर १८ ते ५९ वयाच्या कामकरी लोकांना पुढे घेतले. त्यांच्याकडील लशीची वृद्धांवरची माहिती तेव्हा अपुरी होती. हा विचारही अगदीच टाकाऊ नव्हे. तरी माझे मत आजीच्या बाजूचे आहे.

१ मे रोजी १८ वर्षांवरील सर्वांना परवानगी मिळाली, पण लसच पुरेना. तेव्हा महाराष्ट्र सरकारने त्याच महिन्यात १८ ते ४४ वयाच्या लोकांचे लसीकरण थांबवून तो साठा ४५ वरील लोकांच्या दुसऱ्या डोससाठी वळवला. तरुण चिडले, आणि ते साहजिकच होते. (आम्ही शिक्षकही आधी आम्हाला द्या म्हणत होतोच.) त्याच मे महिन्यात आपल्या ठाण्यात, आघाडीवरचे कर्मचारी असल्याची खोटी ओळखपत्रे दाखवून काही तरुणांनी लस घेतल्याचा आरोप झाला आणि महापालिकेला चौकशी लावावी लागली.

आता घरात बसून हा प्रश्न मुलांना विचारा. खोट्या ओळखपत्रावर गेलेला तो डोस कोणाच्या वाट्याचा होता?