लाली उतरली म्हणजे डोळा बरा झाला असं नाही

“डॉक्टर, डोळे आले होते. गेल्या वर्षीचा ड्रॉप घरात होता, तोच घातला. पहिल्याच दिवशी एकदम मोकळं वाटलं.” पावसाळा सुरू झाला की हे वाक्य ओपीडीत रोज कानावर येतं. त्या ‘मोकळं वाटलं’चीच मला धास्ती वाटते.

साथीत डोळे येतात ते बहुतेक वेळा विषाणूंमुळे, विशेषतः अडेनोव्हायरस आणि एंटेरोव्हायरसमुळे. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे येऊ लागले आणि बघता बघता राज्यभर साथ पसरली, ते आठवत असेल. मेडिकलमधून उचललेल्या अँटिबायोटिक ड्रॉपने हे विषाणू मरत नाहीत. मग लाली एका दिवसात कशी उतरते? पुष्कळ बाटल्यांत अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं म्हणून. डोळा लाल होतो तो आपलं शरीर विषाणूशी झगडत असल्यामुळे. स्टेरॉइड तो झगडाच दाबून टाकतं. विषाणू मात्र आतच राहतो, उलट जास्त दिवस मुक्काम करतो. ड्रॉप थांबवला की लाली परत येते, माणूस पुन्हा तीच बाटली काढतो. असे महिनोन्‌महिने थेंब घालत राहिलेल्यांच्या डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत आणता येत नाही.

म्हणून आज घरातली बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन यांपैकी एक नाव दिसलं तर ती बाटली स्वतःच्या मनाने वापरायची नाही. औषधाच्या नावापुढे नुसतं ‘डी’ असेल तर तो पुष्कळदा डेक्सामेथासोनचा असतो. आणि कुठलाही ड्रॉप फोडल्यावर महिनाभराने टाकूनच द्यायचा, निम्मा उरला असला तरी.

एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. पाचट काढताना उसाचं पान डोळ्याला लागलं. दुसऱ्या दिवशी डोळा लाल. घरच्यांनी ठरवलं, डोळा आलाय. मेडिकलवाल्याने न विचारता ‘डी’वाला ड्रॉप दिला. दोन दिवस बरं वाटलं, मग ठणका सुरू झाला. माझ्याकडे आले तेव्हा बुबुळावर पांढरट डाग स्पष्ट दिसत होता. पानाबरोबर बुरशी आत गेली होती आणि स्टेरॉइडने तिला रान मोकळं करून दिलं होतं. कित्येक आठवडे दिवसरात्र औषध घालून डोळा वाचला, पण त्या डोळ्याला आता समोरच्याचा चेहरा नीट दिसत नाही. पहिल्या दिवशी आले असते तर हे टळण्याची शक्यता खूप होती. मेडिकलच्या काउंटरवर डोळा तपासता येत नाही, हे दुकानदाराने आणि आपणही एकदा मान्य केलं पाहिजे.

घाबरून मात्र जाऊ नका. साधे आलेले डोळे बहुतेकांचे आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून चिपडं नाकाकडून कानाकडे पुसा, दर वेळी नवा कापूस घ्या. गार पाण्याच्या घड्या ठेवा. चुरचुरत असेल तर डॉक्टरांना विचारून अश्रूंसारखे ओलावा देणारे थेंब घाला. अँटिबायोटिक लागतं ते जंतुसंसर्ग असेल तर, आणि ते डॉक्टरांना तपासून ठरवू दे. गुलाबपाणी, मध, तुरटीचं पाणी, आईचं दूध यातलं काहीही डोळ्यात घालू नका. व्हॉट्सॲपवर ते पाठवणाऱ्याने तुमचा डोळा पाहिलेला नसतो.

नुसतं पाहिल्याने डोळे येत नाहीत. ते येतात हातातून, टॉवेलमधून, उशीच्या अभ्र्यातून. गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही. हात साबणाने धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, डोळे चोळू नका. एकच ड्रॉप घरभर फिरवू नका. डोळ्यातून पाणी आणि चिपडं येत असताना मुलाला शाळेत पाठवू नका, परीक्षा असली तरी शाळेशी बोलून बघा.

आता जे दिसलं तर एक दिवसही थांबायचं नाही, ते. डोळा खुपण्याऐवजी ठणकतोय. डोळे पुसूनही धूसरच दिसतंय. उजेडाकडे बघवत नाही. बुबुळावर पांढरा ठिपका आहे. काडी, पान, माती किंवा वेल्डिंगचा कण लागून डोळा लाल झालाय. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला, तर लेन्स काढून ठेवा आणि या. एकच डोळा लाल, त्यात डोकेदुखी आणि उलट्या, हे डोळे येणं नव्हे. दाब एकाएकी वाढल्याची ती खूण असू शकते. आणि महिन्याच्या आतल्या बाळाचे डोळे चिकटत असतील, सुजून पू येत असेल, तर काजळ, दूध, घरचा ड्रॉप काहीही न घालता त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांकडे न्या. असा जंतुसंसर्ग बाळाच्या बुबुळाला एक-दोन दिवसांतही भोक पाडू शकतो.